कळसूत्री बाहुली करायला आणि नाचवायला शिकायचीय, सुरुवात कुठून करू? (नाशिक)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. डिसेंबरात डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन लागलं होतं, तिथून हौसेनं राजस्थानी कठपुतळीची जोडी आणली. राजा आणि राणी. घरी येऊन नाचवायला गेले तर राजा नुसता भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय, चालायचं नावच नाही. लेक म्हणाली आई, याला पाय कुठेत? झगा वर करून बघितलं तर खरंच पाय नाहीत, खाली नुसतं कापड!

तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय की पायांनी चालणारी बाहुली करायची. व्हिडिओ बघून एक केली पण. कापडी, आत कापूस, नऊ दोऱ्या, वर दोन पट्ट्यांची फुली. आठ दिवस खपले. आणि उभी केली तर काय, दोरीवर वाळत घातलेला परकर वाऱ्यावर हलतो तशी नुसती हलते. हात वर केला की वरच राहतो. पाय जमिनीला लागतच नाहीत, लागले तर बाई बसतेच खाली.

माझं वय ५२, शिवणकाम उत्तम येतं, लाकूडकाम शून्य. नाशिकात कोणी शिकवतं का? आणि नसेल शिकवत तर घरच्या घरी आधी काय करावं? लाकूड, कागद की कापड? थट्टा केलीत तरी चालेल पण सोबत उत्तर पण द्या.

अवलिया_सिडको
बाहुली विकत कशाला घ्यायची ताई, आमच्या घरी मी आहे की. नऊच्या नऊ दोऱ्या बायकोच्या हातात. आणि मला पायही आहेत, किराणा आणतो. हलके घ्या.

चिमणचारा
रामदास पाध्यांचं बघा काहीतरी, अर्धवटराव, तात्या विंचू वगैरे. तेच ना हे?

लाकूडतोड्या
@चिमणचारा, नाही हो. पाध्यांची ती शब्दभ्रमाची कला, बोलक्या बाहुल्या. तिथे हात बाहुलीच्या आत आणि आवाज आपला. इथे बाहुली खाली, आपण वर, मध्ये फक्त दोरा.

गोदाकाठची ताई, मी सातपूरला टूलरूममध्ये २६ वर्षं काढली, बाहुल्यांचा छंद त्यातल्या शेवटच्या आठनऊ वर्षांतला. तुमची शिलाई नक्कीच चांगली असणार, चूक वेगळीकडे आहे. बाहुलीला वजनच नाही. दोरी काय करते, फक्त वर ओढते. दोरीनं कधी कोणाला खाली ढकललंय? खाली आणायचं काम वजनाचं. हात उचलला, दोरा सैल सोडला की तो लगेच पडला पाहिजे, आणि कापूस पडत नाही, तरंगतो. म्हणून तुमचा परकर झाला.

वजन कुठे घालायचं तेही महत्त्वाचं. सगळ्यात जास्त कमरेत, छातीत त्याहून कमी. छाती जड झाली की बाहुली पुढे वाकते आणि कितीही दोऱ्या ओढा, दारुड्यासारखी चालते. मग पावलं, मग तळहात. आणि छाती नि कंबर एकसंध करू नका, मध्ये कापडाचा सैल सांधा ठेवा, चालताना कंबर हलली तरच ते चालणं वाटतं. मी सरळ दहा एमएमचे नट वापरतो, हार्डवेअरवाल्याकडे मूठभर घ्या. माशांच्या गळाला लावतात ते शिसं पण चालतं पण घरात लहान मुलं असतील तर शिसं नकोच, तोंडात घालतात.

दुसरं गुडघा. कापडात नुसती शिवण मारून सांधा केला की तो दोन्हीकडे वळतो. मांडीत आणि नडगीत लाकडी पट्टी सरकवा आणि चामड्याची चिंधी मागच्या बाजूनं चिकटवा, दाराच्या बिजागरीसारखी. म्हणजे पाय मागेच दुमडतो, पुढे यायला लागला की लाकडाला लाकूड अडतं. हे नाही केलं तर ती बाई राहत नाही, टोळ होतो.

गोदाकाठची
टोळच आहे ती!! नेमका शब्द सापडला 😄 धन्यवाद दादा. आता नट आणते. पण दोरा कुठला? मी तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) वापरलाय.

येवलेकर
तंगूस काढून टाका पहिला. दोन कारणं, एक तर उजेडात चमकतो, आणि दुसरं म्हणजे त्याला सवय लागते, रिळावर गुंडाळलेला असतो तसाच वेटोळ्या घेत राहतो, हलक्या बाहुलीच्या वजनानं सरळ होतच नाही. काळा विणलेला दोरा घ्या, किंवा चांभाराकडचा बारीक मेणदोरा. मांजा मात्र चुकूनही नको, बोटं जातील. नायलॉनचा तर बंदीच आहे.

गुंत्याबद्दल माझं ऐका, आम्ही येवल्याची माणसं, संक्रांतीला तीन दिवस गच्चीवर असतो, दोऱ्याचा गुंता कळायला लागतं तेव्हा आम्हाला दात पण आलेले नसतात. नियम एकच. गुंता झाला की ओढायचं नाही. बाहुली हवेत टांगायची, फुली हळू उलट फिरवायची, बाहुलीला स्वतःच्या वजनानं उलगडू द्यायचं. आणि काम झालं की ती कधीही आडवी टाकून ठेवायची नाही, खिळ्याला टांगायची नाहीतर दोऱ्या गुंडाळून ठेवायच्या. मी तर छोटी आसारी केलीय त्यासाठी.

चिमणचारा
आसारी म्हणजे?

येवलेकर
फिरकी हो. येवल्यात तिला आसारी म्हणतात. फिरकी म्हणालात तर आमच्याकडे पतंग कापतील तुमचा.

मारवाडी_मिसळ
एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. कठपुतळीला पाय नाहीत म्हणजे ती अर्धवट, असा सूर दिसतोय वर. पाय नसणं हा दोष नाही, ती तशीच आहे. आंब्याच्या लाकडाचं कोरलेलं डोकं, खाली चिंध्या भरलेलं अंग आणि घोळदार झगा. आणि दोरी एक किंवा दोनच, डोक्यापासून कलावंताच्या हातावरून जाऊन पाठीला बांधलेली, वर फुली पण नाही, नुसती बोटं. त्या एका वेढ्यावर गिरकी, सलाम, तलवारबाजी, सगळं. नागौरकडच्या भाट मंडळींनी पिढ्यान्पिढ्या तिथल्या अमरसिंह राठोड या वीराचा खेळ याच्यावर केला. तोंडात बांबू आणि चामड्याची शिट्टी असते, तिला बोली म्हणतात, त्यातून बाहुलीचा आवाज. ताईंचा राजा गरगर फिरला कारण तो फिरण्यासाठीच केलेला आहे. तुम्ही त्याला मॉर्निंग वॉकला न्यायला गेलात.

उदयपूरला गेलात तर भारतीय लोककला मंडळ बघा, १९५२ साली देवीलाल सामर यांनी सुरू केलं, तिथे खेळ असतो.

गोदाकाठची
माफ करा, तसं म्हणायचं नव्हतं. तुमचं वाचून राजाला परत काढला आणि दोरी हातावर नुसती घेऊन मनगट हलवलं. सलाम केला की हो त्यानं!

मालवणी_मुक्काम_नाशिक
राजस्थानपर्यंत कशाला जाताय, आपल्याच महाराष्ट्रात आहे की. कुडाळजवळ पिंगुळी. ठाकर समाजाच्या लोकांनी तिथे कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), तिन्ही टिकवलंय. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री याच कामासाठी मिळाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय, मी बघून आलोय. बाहुली काचेआड बघणं आणि दोन हातांच्या अंतरावर नाचताना बघणं यात जमीन अस्मानाचा फरक. माझ्या मते शिकायचंच असेल तर व्हिडिओ बंद करा आणि चार दिवस तिकडे जाऊन फक्त हात बघत बसा. बाहुलीकडे नाही, हातांकडे.

अवलिया_सिडको
आणि येताना काजू आणा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

थ्रीडी_थत्ते
एवढा व्याप कशाला? मॉडेल डाउनलोड करा, प्रिंट करा, सगळे सांधे तयार मिळतात. कॉलेज रोडला प्रिंट करून देतात. एका दिवसात बाहुली हातात.

लाकूडतोड्या
थत्ते साहेब, केलंय ते पण. प्लास्टिक आतून पोकळ जाळी येतं, वजन पुन्हा नटांचंच घालावं लागतं. आणि सांधे इतके घट्ट की हात वर गेला की तिथेच. सांधा असा ढिला पाहिजे की फुंकर मारली तर हलला पाहिजे. मी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये काम केलं, बाहुलीत आलो आणि पहिल्यांदा कळलं की ढिलेपणाही मोजून ठेवावा लागतो.

थ्रीडी_थत्ते
फाइलमध्ये गॅप वाढवता येतो हो. नवीन काही आलं की तुम्हा जुन्या लोकांना त्रास होतो.

लाकूडतोड्या
होतो. गुडघ्यांना होतो. तुमचा गॅप वाढवलेला गुडघा असेल तर पाठवा एक.

पेठचा_पाऊस
डोकं कशाचं करायचं हे कोणीच सांगेना म्हणून लिहितो. आमच्या पेठ सुरगाण्याकडे बोहाडा असतो, रात्रभर देवांची नि राक्षसांची सोंगं निघतात, मोठाले मुखवटे घालून. पूर्वी लाकडाचे असायचे, आता बरेच कागदाच्या लगद्याचे. त्याच पद्धतीनं बाहुलीचं डोकं मस्त होतं आणि ताईंना पटाशी हातात धरावी लागणार नाही.

शाडूचं डोकं करा लिंबाएवढं. नाक आणि भुवया वाटतात त्याच्या दुप्पट मोठ्या करा, लांबून बघताना सगळं सपाट दिसतं. वरून तेल किंवा व्हॅसलीन. मग वर्तमानपत्राचे बोटभर तुकडे, फाडलेले, कात्रीनं कापलेले नाही, कापलेली कड उठून दिसते. चिंचोक्याच्या खळीत बुडवून सहासात थर. खळीत चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे कसर लागत नाही, पण ते विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. वाळलं की ब्लेडनं कानामागून दोन फाका करायच्या, शाडू काढायचा, परत जोडायचं. पोकळ टणक डोकं तयार.

फक्त हे पावसाळ्यात करू नका. मी एकदा आषाढात रावण केला, त्याच्या गालावर बुरशीची दाढी आली. तसाच उभा केला, लोकांना वाटलं मुद्दाम केलाय.

ओवीबद्ध
थोडं अवांतर. कळसूत्री बाहुली आपल्याकडे किती जुनी, तर ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ‘सायिखडेयाचें बाहुलें’ येतं. सूत्रानं हलणाऱ्या बाहुलीसारखं माझे स्वामी मला बोलवतात, अशा अर्थानं. म्हणजे तेराव्या शतकातल्या श्रोत्याला ही उपमा फोड करून सांगायची गरज नव्हती. आता गंमत अशी की आपल्या निफाड तालुक्यात गोदावरीकाठी सायखेडा आहे आणि शालिमारजवळ सावानाच्या (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आवारात नाट्यगृह आहे ते परशुराम साईखेडकर! शब्दांचा एकमेकांशी काही संबंध असेल असा माझा मुळीच दावा नाही, पण योगायोग गोड आहे.

तसंच सूत्रधार. काही अभ्यासक म्हणतात नाटकातला सूत्रधार हा मुळात बाहुल्यांचे दोरे धरणारा, काही म्हणतात छे, ते सूत्र म्हणजे मापाचा दोरा. आणि आपला सुतार हा शब्द सूत्रधारवरूनच आलाय.

लाकूडतोड्या
म्हणजे नाटकवाल्यांच्या आधी आम्ही. हे सर्टिफिकेट फ्रेम करून ठेवतो.

अवलिया_सिडको
सायखेड्याला माझी सासुरवाडी. आता सगळा उलगडा झाला.

शाळेची_घंटा
मी प्राथमिक शिक्षिका, मुलांबरोबर बाहुल्या करते, पण माझं मत वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. ताई, तुम्ही पहिल्याच फटक्यात नऊ दोऱ्यांची बाई केलीत ही खरी अडचण. डोक्याला दोन, खांद्याला दोन, हातांना दोन, गुडघ्यांना दोन, पाठीला एक. एवढं सांभाळायला अनुभवी हात लागतो. माणूस कसा चालतो हे जन्मापासून बघत आलोय, त्यामुळे जराही चूक झाली तरी लगेच खटकतं. पक्ष्याची चाल चुकली तर कोण बोलणार? म्हणून आधी पक्षी करा, चारपाच दोऱ्यांचा. रस्त्यावर शहामृग विकायला येतात ना, दोन चेंडू, मध्ये नाडी, खाली मोठी पावलं, तसा. मुलांना तो दहा मिनिटांत येतो.

आणि त्याहीआधी एक करा. रुमालाच्या मधोमध गाठ मारा, गाठीला एक दोरा, एका कोपऱ्याला दुसरा. बास. त्या रुमालाला दार वाजल्यावर मान वळवून बघायला लावा. आरशासमोर. ते जमेपर्यंत लाकूड, कागद, प्रिंटर सगळं कपाटात. नवशिके सारखं हलवत राहतात, वाटतं हलवलं नाही तर मेली बाहुली. उलट आहे. थांबायला शिकलं की लोक बघायला लागतात.

थ्रीडी_थत्ते
+१. प्रिंटर कपाटात मावत नाही पण बाकी पटलं.

नांदूरचा_बगळा
पक्षी करणार असाल तर बगळा करा प्लीज! नांदूरमध्यमेश्वर आपल्याच जिल्ह्यात, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात सकाळी सातला जा आणि राखी बगळा बघा, पाच मिनिटं तसूभर हलत नाही, मग एक पाय चिखलातून काढतो, तो हवेत धरून विचार करतो, मग ठेवतो. आधी पाऊल पुढे, मागून अंग, आणि मान सगळ्यात शेवटी.

लाकूडतोड्या दादांच्या टोळाबद्दल एक दुरुस्ती. पक्ष्याच्या पायात जो सांधा उलटा वळलेला दिसतो तो गुडघा नसतोच, तो घोटा. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. म्हणजे ताईंच्या हातून आपोआप झालेला टोळ बाईसाठी चूक असला तरी बगळ्यासाठी एकदम बरोबर आहे.

लाकूडतोड्या
हे आवडलं. ताई, बाईचे पाय तोडा आणि बगळ्याला लावा.

अवलिया_सिडको
संदर्भाशिवाय हे वाक्य कोणी वाचलं तर आपण सगळे आत जाऊ.

गोदाकाठची
(साडेतीन आठवड्यांनी) मंडळी, आहात का?

आधी रुमाल केला. हसू नका, चार दिवस रुमालच केला. दाराची बेल वाजली की त्यानं वळून बघायचं एवढंच. पहिल्या दिवशी बेल वाजायच्या आधीच वळायचा, कारण मला माहीत होतं ना की वाजणारे!

मग बगळा. अंग नारळाच्या दोन करवंट्यांचं, आत नट बसवून जोडल्या, वरून जुन्या राखाडी शालीचा तुकडा. मान म्हणजे नाडीत ओवलेले लाकडी मणी. डोकं लगद्याचं, पेठच्या दादांच्या पद्धतीनं, चोच बांबूची. पाय बाईचेच, खाली प्लायची पावलं, प्रत्येकात दोन नट. दोऱ्या पाच, डोक्याला एक, पाठीला दोन, पायांना दोन. दाराच्या चौकटीला टांगून आधी पाठीच्या दोऱ्या बांधल्या, पावलं जमिनीला जेमतेम टेकतील इतक्या. फुलीची उंची माझ्या कोपराशी. पहिल्यांदा जास्त लांब झाल्या, तासाभरात खांदा भरून आला. सगळ्या गाठी आधी सरकफाशाच्या मारल्या म्हणून बरं, सहा वेळा सोडल्या.

दोन दिवस नुसती कवायत चालली, पाय नको तेवढे वर. मग बगळेदादांनी सांगितलेलं आठवलं आणि पाय जेमतेम उचलायला लागले, पाऊल फरशीवर टेकलं की नटाचा बारीक टक आवाज येतो, आणि मग मणी एकेक करून पुढे येतात, डोकं सगळ्यात शेवटी. ते मी करत नाही, आपोआप होतं, वजनानं.

परवा सासूबाई खाली बसून मटार सोलत होत्या. माझ्याकडे लक्ष नव्हतं, मी आपली कोपऱ्यात सराव करत. बगळा जवळ गेला तशी त्यांनी मान वर न करता एक दाणा त्याच्यापुढे टाकला. मला काही सुचेना, तशीच थांबले. मग चोच खाली नेली, दाणा लागला नाही, घरंगळला, बगळा मागे. सासूबाईंनी दुसरा टाकला. असं अर्धा तास. मटार काही सोलून झाले नाहीत. शेवटी म्हणाल्या, “याला ताटाखाली झाकून ठेव, मांजर बघतंय.”

नांदूरचा_बगळा
फोटो टाका फोटो टाका फोटो टाका

शाळेची_घंटा
तुम्ही थांबलात ना तिथे? मग झालंच की.

लाकूडतोड्या
पाठीच्या दोन्ही गाठींवर आता फेविकॉलचा एकेक थेंब टाका, सरकफास दगा देतो. डोक्याची दोरी दर महिन्याला तपासा, मण्यांनी घासून आधी तीच तुटणार.

चिमणचारा
पण मूळ प्रश्न राहिलाच की. नाशिकात कोणी शिकवतं का? मला पण शिकायचंय आता.

मारवाडी_मिसळ
शिकवणारे या धाग्यावरच चारपाच दिसतायत. २१ मार्च जागतिक कठपुतळी दिन असतो, त्याच्या आधीच्या रविवारी भेटूया का? मी राजाराणी घेऊन येतो. बोली वाजवायचा प्रयत्नही करीन, कानात कापूस घालून या.

गोदाकाठची
आमच्या गच्चीवर या सगळे. चौकट आहे, खिळे आहेत, मिसळ मी करते. थत्तेंनी तो गुडघा आणावा. आणि येवलेकर दादा, तुम्ही आसारी घेऊन लवकर या हो जरा, काल रात्री बगळा आडवा ठेवला होता आणि मांजर ताटाखाली शिरलं.